पासाखने न उघडलेलं दार

शाकेद गावात पासाखसारखा संशयी माणूस त्याच्या आधी झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. हे कुणी त्याच्या तोंडावर बोललं असतं, तर असं नक्की कोण म्हणतं आणि त्यात त्याचा फायदा काय, हे त्याने आधी विचारून घेतलं असतं. विहिरीवरून आणलेलं पाणी तो हुंगून प्यायचा. वाटेत कुणी ‘शांती असो’ म्हणून पुढे गेलं की हा थांबून मागे बघायचा, की आज हा एवढा गोड का बोलला. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे बांधावरचा दगड जागेवर आहे का ते पाहणं. त्या दगडावर त्याने स्वतःपुरत्या खुणा कोरून ठेवल्या होत्या. शेजारचा शूआल हे ओळखून होता. एकदा गंमत म्हणून त्याने त्या दगडावर मूठभर खडे ठेवले, तर पासाख दिवसभर कापणी सोडून त्या खड्यांचा अर्थ लावत बसला.

त्याच्या लग्नातली गोष्ट तर शेजारच्या होरेश गावापर्यंत पोचली होती. आमच्या मूळ पुरुषाला सासऱ्याने धाकटी दाखवून थोरली गळ्यात बांधली, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते मनावर घेऊन भर पाहुण्यांत नवरीची ओढणी वर करून बघणारा पासाखच. अताराने तेव्हा मान खाली घातली नाही. ती म्हणाली, “बघून घेतलंत ना नीट? मग पुढे तक्रार चालायची नाही.” त्याने पुढे तक्रार केली नाही, पण विश्वास ठेवला असंही नाही.

अशा माणसाला आम्ही वेशीतल्या बाकावर बसवलं, ही आमचीच करामत. जुने पंच एकेक करून गेले आणि जागा रिकामी पडली. बाकावरचाच शूआल म्हणाला, “बसवा त्याला. गावात शिरणाऱ्या चोरावर नजर ठेवायला एक तरी डोळा जागा पाहिजे.” सगळे हसले, आणि पासाख पंच झाला. त्या दगडी बाकाची त्याला फार असोशी होती. बाप गुराखी, आजा गुराखी, आणि हा वेशीत बसून लोकांचे तंटे ऐकतो, याचं त्याला मनातून भरून यायचं. सकाळी बसण्याआधी तो आपली जागा हाताने पुसून घ्यायचा.

त्याचा सगळ्यांत मोठा संशय होता तो अदीएलवर. हा अदीएल आज आम्हा डोंगरवासीयांचा शास्ता आहे. गावोगाव फिरून न्याय करतो, आणि परमेश्वराने त्याला उभा केला असं सगळे मानतात. पण त्याआधी तो गाढवावर अंजिराच्या ढेपा लादून विकत हिंडायचा. पासाखने एकदा त्याच्याकडून ढेप घेतली होती. वरून सोन्यासारखी, आणि मधे फोडली तर बुरशी. पुढे मिद्यानी लोक उंटांवरून कापणी लुटायला आले तेव्हा ह्याच अदीएलने गाढव झाडाला बांधलं, टेकडीवर चढून एडक्याचं शिंग फुंकलं आणि डोंगरातली माणसं गोळा करून लुटारूंना यार्देन नदीच्या उतारापर्यंत हाकलत नेलं. परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर उतरला, असं लोक म्हणू लागले.

“उतरला म्हणे,” पासाख म्हणायचा. “उतरताना पाहिला कुणी? अंजिरात बुरशी दडवणारा माणूस देवाला बरा सापडला.”

“आणि शिंग वाजलं तेव्हा तू कुठे होतास रे?” शूआल विचारायचा.

पासाख घरात होता. शिंग शत्रूनेच फुंकलं असेल, आपल्याला उघड्यावर काढायचा डाव असेल, असं त्याला वाटलं होतं. तो बाहेर पडला तोवर माणसं लढाई जिंकून परत येत होती.

सातूच्या कापणीला नुकतीच सुरुवात झाली होती तेव्हाची ही गोष्ट. पासाखचं घर वेशीबाहेर, चढावरचं पहिलंच. सूर्य बुडाला की वेस लागते, आणि त्यानंतर येणाऱ्या वाटसरूला तेवढं एकच दार उरतं. त्या दिवशी वेस लागल्यावर त्या दारावर थाप पडली.

“कोण आहे?” पासाखने आतूनच विचारलं.

“वाटसरू आहे, बाबा. हनीएल माझं नाव. इम्लाचा मुलगा, यार्देनपलीकडच्या तेना गावचा. रात्रीपुरतं अंग टाकायला जागा द्या.”

“तेनाचा इम्ला? मी नाही ऐकला कधी.”

“तुम्ही कसा ऐकाल? तो नदी ओलांडून कधी अलीकडे आलाच नाही,” बाहेरचा म्हणाला, आणि हसला.

त्या हसण्यानेच घात केला. दिवसभर चालून दमलेला माणूस हसतो कशाला, हे पासाखला समजेना. शिवाय बोलण्याची ढब पलीकडची. लुटारू हाकलून लावले त्याला एक कापणीही उलटली नव्हती, हे खरं होतं.

अतारा चुलीपासून उठून आली. “उघडा की. पोरसवदा आवाज आहे. भाकरी आहेत.”

“आवाज काय, कुणीही कसलाही काढतो. आपल्या पूर्वजाने हाताला बकऱ्याची कातडी बांधून आंधळ्या बापाला फसवलं, तिथे लोकांचं काय घेऊन बसलीस?” आणि मग दाराकडे तोंड करून तो मोठ्याने म्हणाला, “होरेश जवळच आहे. पायवाटेने खाली उतर आणि पुढे हो.”

“बरं बाबा. देव तुमचं घर राखो,” बाहेरचा म्हणाला. मग उताराच्या दगडांवर पावलं वाजत गेली. पासाखने अडसर पुन्हा एकदा चाचपून बघितला.

पुढच्या सकाळी कापणीच्या बायकांना तो सापडला. शाकेद आणि होरेशच्या मधल्या पडीक उतारावर पालथा पडलेला, डोकं फुटलेलं, गाठोडं गायब. पासाख पंच म्हणून सगळ्यांबरोबर खाली गेला. शूआलने त्याला उताणा केला. दाढी नीट फुटलीही नव्हती.

“कुठला असेल बिचारा?” शूआल म्हणाला. “पासाख, तुझं घर वेशीबाहेर. तू पाहिलास का याला?”

“नाही पाहिला,” पासाख म्हणाला.

आणि हे अगदी खरं होतं. दार उघडलंच नव्हतं, मग पाहणार कुठून? ते तोंड तो आत्ता पहिल्यांदाच बघत होता. पण त्याला नाव माहीत होतं, बापाचं नाव माहीत होतं, गाव माहीत होतं. सगळे त्या पोराला ‘बेवारस’ म्हणत होते, आणि पासाख गप्प होता. सांगावं तर लगेच पुढचा प्रश्न येणार, की तुला कसं ठाऊक? आणि मग दार, भाकरी आणि होरेशची पायवाट सगळंच बाहेर येणार. दारात आलेल्या वाटसरूला हाकलणारा माणूस आमच्यात बाकावर बसत नाही. त्याच्या शेजारी कुणी बसत नाही.

आमच्यात रस्त्यावर मेलेला सापडला आणि मारणारा कळला नाही, तर ते रक्त मातीतून ओरडत राहतं. म्हणून शास्त्याला बोलावतात. तो मृताच्या जागेपासून आजूबाजूच्या गावांपर्यंत दोरी धरतो. जे गाव जवळ भरेल, त्या गावच्या पंचांनी जू न ठेवलेली कालवड वाहत्या ओढ्यावर न्यायची, तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि शपथ घ्यायची, की हे रक्त आमच्या हातांनी सांडलं नाही, आमच्या डोळ्यांनी पाहिलं नाही. शपथ खोटी निघाली तर रक्त त्या जमिनीवर राहतं, आणि तिथे पुढे काय पिकेल ते विचारू नये.

अदीएल आला. पोट सुटलेलं, सातूच्या भुसाने शिंकांवर शिंका. सोबत दोन लेवी पुजारी आणि बकरीच्या केसांचा लांब दोर. पोराला तोवर जवळच्या गुहेत ठेवून तो सापडला त्या जागेवर खुणेचे दगड रचले होते. होरेशचे पंचही आले होते आणि हे आमच्याकडचं नाही, हे चेहऱ्याने आधीच सांगत होते.

दोर धरला. शाकेद जवळ भरलं.

“दोर ओला आहे,” पासाख म्हणाला. “होरेशकडे नेताना सैल होता, आपल्याकडे आला तेव्हा ताणला गेला. मी बघत होतो.”

“पासाख, गप रे,” शूआल दात आवळून म्हणाला.

पण अदीएल रागावला नाही. “पंचाचं म्हणणं रास्त आहे. दुसरा दोर आणा,” तो म्हणाला. पासाखच्याच घरचा, त्याने स्वतः वळलेला दोर आणला. पासाखने स्वतः एक टोक धरलं. शाकेद आणखी जवळ भरलं. होरेशवाले हसू दाबत निघून गेले, आणि आमच्या पंचांनी पासाखकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर जमिनीत गेला असता.

विधी दुसऱ्या दिवशी ठरला. शास्ता गावात आलाच आहे म्हणून दुपारी वेशीत लोकांनी आपले तंटेही आणले. पासाख बाकाच्या टोकाला बसून अदीएलवर डोळा ठेवून होता. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की ह्या माणसाला न सांगता कळतं का. कळत असेल तर आपलं संपलं. आणि कळत नसेल, तर हा नुसता अंजीरवाला आहे, मग त्याच्यापुढे उच्चारलेल्या शब्दांना घाबरायचं कारण नाही. खरं म्हणजे अदीएल भोंदू निघावा, म्हणून पासाख त्या दुपारी जेवढा आतुर होता तेवढा तो स्वतःच्या लग्नातही नव्हता.

तंटा होता टाक्याचा. एका माणसाचं गाढव शेजाऱ्याच्या उघड्या टाक्यात पडून मेलं. झाकण ठेवलं नाही, त्याने गाढव भरून द्यावं, असा आमचा रिवाज. अदीएलने दोघांचं ऐकलं आणि टाकंवाल्याने गाढव द्यावं असं सांगितलं. तेवढ्यात मागून एक म्हातारी ओरडली, “अरे शास्त्या, झाकण गाढववाल्यानेच काढलं ना पाणी चोरायला! माझ्या गच्चीवरून दिसतं मला!” दुसऱ्या एका बाईनेही तेच सांगितलं. मग अदीएलने डोकं खाजवलं, शिंकला आणि म्हणाला, “चुकलो. मी हे आधी विचारायला हवं होतं. टाकंवाला मोकळा.”

पासाखच्या जिवात जीव आला. जो गाढवाचं जाणत नाही, तो माणसाचं काय जाणणार?

घरी येऊन तो अताराला म्हणाला, “काही कळत नाही त्याला. म्हातारीने सांगितलं तेव्हा कळलं. आत्मा उतरलाय म्हणे!”

अतारा पीठ मळत होती. बेवारस पोराची बातमी आल्यापासून ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती. “त्याला नसेल कळत,” ती म्हणाली. “तुम्हाला तर माहीत आहे ना?”

“मी खोटं बोलणारच नाहीये. हातांनी सांडलं नाही, हे खरं. डोळ्यांनी पाहिलं नाही, तेही खरं. दार बंद होतं. शपथेत कानांचं कुठे काय आहे?”

तिने पीठ परातीत आपटलं. “नाव तरी सांगा हो त्याचं. आई असेल त्याची कुठे. वाट बघत असेल.”

“नाव सांगितलं की बाकीचंही सांगावं लागेल.”

“मग?”

“मग काय? उद्यापासून शूआल माझ्या जागेवर पाय पसरून बसेल.”

अताराने पुढे काही विचारलं नाही. भाकरी भाजून तिने त्याच्यापुढे ठेवली आणि ती बकऱ्यांकडे गेली. पासाखला वाटलं, ही गप्प झाली ते बरं झालं. आणि लगेच वाटलं, ही एवढी गप्प का झाली?

सकाळी त्याला उत्तर मिळालं, निदान तसं वाटलं. विहिरीपाशी अदीएल तोंड धूत होता, आणि अतारा घडा वाकवून त्याच्या हातांवर पाणी ओतत होती. तो काहीतरी विचारत होता, ती उत्तर देत होती. पासाखला पाहताच ती घडा डोक्यावर घेऊन चालू लागली. सांगितलं, त्याच्या मनात आलं. सांगितलंच हिने. ओढणी वर केल्याचा सूड इतक्या वर्षांनी उगवला.

ओढा गावाखाली खडकातून वाहतो. तिथे नांगर कधी लागलेला नाही. शूआलच्या गोठ्यातली तांबूस कालवड आणली होती. तिच्या मानेला जू माहीत नव्हतं. ती उड्या मारत आली, कारण तिला वाटलं चरायला आणलंय. तिची मान मोडली तेव्हा बायकांनी तोंडं फिरवली. पासाखने फिरवलं नाही. तो अदीएलकडे बघत होता.

पंच ओळीने उभे राहिले. लेवीने पाण्याचं मडकं उचललं. अदीएल पुढे आला.

“हात धुण्याआधी एक सांगतो,” तो म्हणाला. “तुम्ही शाकेदचे वडीलधारे. तुमच्यापैकी कुणी दगड उचलून या पोराच्या डोक्यात घातला, असं कुणाच्याही मनात नाही. तेवढंच विचारायचं असतं, तर एका कालवडीचा जीव कशाला घेतला असता? शपथ आहे ती अशी: हा पोरगा भुकेला आपल्याकडे आला आणि आपण त्याला तसाच पाठवला, असं झालं नाही. एकटा निघाला आणि आपण त्याला सोबत दिली नाही, असं झालं नाही. ‘आमच्या हातांनी’ म्हणताना प्रत्येकाने हे मनात धरून म्हणायचं.”

पासाखला वाटलं, हा बाण आपल्यावरच होता. बंद दार, भाकरी, एकट्याला लावलेली वाट, सगळंच ह्याला ठाऊक आहे, आणि हा ओळीने उभं करून चारचौघांत आपल्याला सोलणार आहे. विहिरीवरचं बोलणं आठवलं. बायकांच्या घोळक्यात अतारा उभी होती, आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

“कुणी सांगितलं तुम्हाला?” पासाख ओरडला.

शूआलने मान वळवली. होरेशची वाट धरून आलेले दोन बघेही थांबले.

“काय सांगितलं?” अदीएलने विचारलं.

त्याच्या तोंडावर खरंच काही नव्हतं. सांगतोय का दडवतोय, हे ओळखण्यात पासाखचं आयुष्य गेलं होतं. समोरच्या माणसाला ह्यातलं काहीही ठाऊक नाही, हे त्याला त्याच घटकेला कळलं. हे शब्द शास्ता प्रत्येक गावात, प्रत्येक ओळीपुढे बोलत असणार. आज त्यांत अडकायला एक माणूस सापडला, एवढंच.

“ही... माझी बायको तुमच्याशी बोलत होती विहिरीवर.”

“हो. इथलं पाणी एवढं गोड कसं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, खडक चांगला आहे,” अदीएल म्हणाला. मग त्याने आवाज खाली आणला. “पंच, काय सांगायचं होतं त्यांनी मला?”

पासाख अजूनही मागे फिरू शकला असता. दोर ओला होता म्हणणारा माणूस आणखीही काही म्हणू शकला असता, लोक हसले असते आणि विधी पार पडला असता. पण त्याच्या पायाशी ती कालवड पडली होती, आणि तिचे डोळे उघडेच होते. त्याला स्वतःची किळस आली. तो सांगायला लागला. थाप, आवाज, हसू, होरेशची पायवाट, अडसर. शेवटी ‘देव तुमचं घर राखो’ हेही त्याने सांगितलं.

“म्हणजे तुला नाव ठाऊक होतं?” शूआल म्हणाला. “आणि आम्ही त्याला बेवारस म्हणत होतो, तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास!”

“हनीएल,” पासाख म्हणाला. “इम्लाचा मुलगा. तेनाचा.”

लेवीने मडकं खाली टेकवलं. अदीएलने पासाखला ओळीतून बाजूला उभं केलं आणि बाकीच्यांना हात धुवायला सांगितलं. एकेक जण पुढे होऊन शब्द बोलला. पासाख कोरड्या हातांनी बघत राहिला.

सगळं आटोपल्यावर तो अदीएलसमोर गेला. “मला दंड सांगा.”

“दंड नाही.”

“नाही कसा? पोरगा मेला.”

“मारणाऱ्याला दंड आहे. तो सापडला तर मी सांगेन. दार न उघडणाऱ्याला काय करायचं, ते मला सांगितलेलं नाही.”

“तुम्हाला परमेश्वराने उभं केलंय ना?” पासाखच्या बोलण्यात जुनी खोच परत आली. “मग विचारा त्याला!”

अदीएल कठड्यासारख्या एका खडकावर बसला. जवळून तो फार दमलेला दिसत होता. “तो मला बोलावतो तेव्हा मी जातो, पासाख. मी बोलावलं की तो येतो, असं नाही. त्याचा आत्मा माझ्यावर आला तेव्हा मी अंजीर विकत होतो, आणि खराबच विकत होतो. तुलाही विकले असतील. मलाच का, हे मी अजून समजून घेतोय. पण लोकांना वाटतं मला सगळं ठाऊक असतं, आणि म्हणून ते माझ्यापुढे खरं बोलतात. माझं बरंचसं काम तेवढ्यावरच चालतं.”

“मग मी करू काय?”

“याच्या घरी सांगायला कुणीतरी गेलं पाहिजे.”

“दुसऱ्या कुणाला पाठवा. त्याचे भाऊ असतील. त्यांनी मला तिथेच मारलं तर?”

“मारतीलही,” अदीएल म्हणाला. “तसं करू नये, असा माझा निरोप घेऊन जा. ते ऐकतीलच, असं मी सांगू शकत नाही. पण मरायच्या दिवशी त्याने काय म्हटलं, हे ऐकलेला माणूस तू एकटा आहेस. दुसऱ्याला पाठवून त्यांना काय मिळणार?”

वेशीतली त्याची जागा त्या दुपारीच गेली. कुणी भांडलं नाही. शूआल फक्त सरकून मधे बसला, आणि बाकावर जागा उरली नाही. संशय घेण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्याकडे गाव आता संशयाने बघू लागलं. लहान पोरं त्याच्या दारावर थाप मारून पळून जायची.

निघताना अताराने भाकऱ्या बांधून दिल्या. गाठ मारताना ती खाली बघतच म्हणाली, “मी नव्हतं सांगितलं.”

“माहीत आहे,” पासाख म्हणाला.

असं तो तिला आधी कधीच म्हणाला नव्हता. ती उंबऱ्यात उभी राहिली, तो दिसेनासा होईपर्यंत.

यार्देनची उतरण त्याने कमरेच्या सुरीवर हात ठेवून पार केली. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला इम्लाचा मुलगा किंवा पुतण्या समजून तो रस्ता सोडून उभा राही. अदीएलने आपल्याला मरायलाच पाठवलंय, दंड नाही म्हणून हा दंड दिलाय, हे त्याच्या मनातून जाईना. पाण्यात उतरल्यावर तर त्याला वाटलं, परत फिरावं आणि सांगावं की निरोप दिला. कोण विचारायला जाणार आहे पलीकडे? तो पाण्यात बराच वेळ उभा होता. मग पलीकडे गेला.

तेना गाव उतारावर होतं, अंजिराच्या झाडांत. विहिरीवरच्या मुलीने इम्लाचं घर दाखवलं. दार सताड उघडं होतं. आत बकऱ्यांचा वास, चुलीवर मसूर. पुरुष रानात गेले होते. एक बाई, अताराच्याच वयाची, दाराकडे पाठ करून जात्याशी बसली होती. त्याची सावली आत पडली तशी ती वळली, आणि वळताच उठली.

“या, या, बाबा. बाहेर काय उभे? पाय धुऊन घ्या. लांबून आलेले दिसता.”

“मी कोण, ते तुम्ही विचारलं नाही,” पासाख म्हणाला.

“दारात आलेल्याला आधी विचारतात होय?” ती हसली. ते हसू त्याने ऐकलेलं होतं. “जेवा आधी. मग सांगा सावकाश.”

तिने त्याला बसवलं. पाणी दिलं, मसूर वाढली, गरम भाकरी मोडून त्याच्या हातात ठेवली. भाकरीकडे हात करून ती म्हणाली, “लाजू नका. माझाही धाकटा गेलाय नदीपलीकडे, मामाकडे. पहिल्यांदाच एकटा गेलाय. त्यालाही कुठेतरी असंच कुणी वाढत असेल.”

पासाखने भाकरी खाली ठेवली.

“हनीएल माझ्या दारात आला होता, आई,” तो म्हणाला. “मी दार उघडलं नाही.”